निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी

प्रति,
कार्यकारी मंडळांचे व ग्रंथनिवड समित्यांचे सदस्य आणि ग्रंथपाल,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

राज्यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली बारा हजारांच्या आसपास ग्रंथालये आहेत. त्यांतील पुष्कळशी एका-दोन खोल्यांत चालतात, कपाटे केव्हाच भरलेली असतात आणि नव्या खरेदीचे गठ्ठे टेबलाखाली सुतळीसकट पडून असतात. अशा ठिकाणी अधूनमधून निर्लेखन, म्हणजे काही पुस्तके नोंदीतून कायमची कमी करणे, भाग पडते, हे मला मान्य आहे. वाळवी लागलेली, पाने गळालेली पुस्तके दाखल नोंदवहीत जन्मभर सांभाळावीत, असा माझा आग्रह नाही. माझे म्हणणे निर्लेखनाच्या कसोटीपुरते आहे. ज्या याद्या माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत पुस्तक रद्द करण्याचे कारण म्हणून बहुतेक ठिकाणी ‘वाचकांची मागणी नाही’ एवढेच लिहिलेले होते. या कारणाने दोन प्रकारची पुस्तके सर्वांत आधी बाहेर पडतात. पहिला प्रकार एकाच विषयाला वाहिलेल्या, त्या विषयातल्या माहितगाराने लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांचा, आणि दुसरा, ज्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही अशा कादंबऱ्यांचा. ही दोन्ही वाचण्याजोगी का असतात आणि मागणीच्या कसोटीवर ती हटकून नापास का होतात, हे आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी कसोटीबद्दल. पुस्तकाला मागणी आहे की नाही हे आपण देवघेवीच्या नोंदींवरून ठरवतो. परंतु मार्गदर्शक पुस्तक वाचण्याची रीतच निराळी असते. एखादा शेतकरी, सुतार, पखवाज शिकणारा मुलगा किंवा नाटकासाठी जुनी वेशभूषा शोधणारी कार्यकर्ती ग्रंथालयात येते, कपाटापाशी उभी राहून हवी ती चार पाने वाचते, फार तर कागदावर टिपून घेते आणि पुस्तक जागेवर ठेवून निघून जाते. त्या वाचनाची तारीख कुठेही पडत नाही. कादंबरीचे दुखणे वेगळे आहे. जिचे नाव कानावर आलेले नाही ती मागायची कशी? वाचक काउंटरवर येऊन तीच दहा-बारा नावे मागतो, कारण वर्तमानपत्रांत, शाळेच्या धड्यांत आणि मालिकांच्या श्रेयनामावलीत तीच नावे त्याला भेटलेली असतात. मागणी ही पुष्कळशी ओळखीवर अवलंबून असते आणि ओळख करून देणे हे ग्रंथालयाचेच काम आहे. ते काम न करता मागणी मोजणे मला अन्यायाचे वाटते.

उदाहरणादाखल ‘गांव-गाडा’ घ्या. त्रिंबक नारायण आत्रे यांचे हे पुस्तक १९१५ साली निघाले. आत्रे महसूल खात्यात होते, म्हणजे दप्तरे, चावड्या, पाटील-कुळकर्णी आणि शेतसाऱ्याचे तंटे हा त्यांचा रोजचा धंदा होता. खेड्याविषयी लिहिणारे पुढे शेकड्यांनी झाले, पण बलुत्याचे वाटप खळ्यावर प्रत्यक्ष कसे होते, हे आत्र्यांइतक्या बारकाईने सांगणारे थोडे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासा, म्हणजे प्रती, असत. कोणत्या कासेत कोण, याबाबतीत गावोगाव फरक असे, आणि कास बदलली की वाट्याचे मापही बदले. शाळेच्या पुस्तकात ‘बारा बलुतेदार’ हे दोन शब्द पाठ करून आपण मोकळे होतो. आत्र्यांच्या पानांवर तो हिशेब होतो, आणि हिशेब म्हटला की त्यात कोणाचा तरी फायदा आणि कोणाचा तरी तोटा असतोच. खेडे स्वयंपूर्ण आणि सुखी होते, ही आपली आवडती समजूत या पुस्तकात फार काळ टिकत नाही; कुणब्याच्या राशीतून किती हातांनी किती ओंजळी उचलल्या जातात, हे लेखक चिडून सांगतो. ती चीड हेच या पुस्तकाचे बळ आहे, असे मी म्हणेन. तटस्थ अहवाल पुष्कळ असतात, पण जन्मभर एकच गोष्ट पाहिलेल्या माणसाचे मत आणि त्याची माहिती एकाच वाक्यात सापडावी, हे अहवालात घडत नाही.

त्या मताला मर्यादाही आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या लोकांकडे, म्हणजे त्यांच्या शब्दांत ‘फिरस्त्यां’कडे, आत्रे चावडीवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेने पाहतात. फिरस्ता त्यांना गावावरचा भार वाटतो आणि त्याच्याविषयीचा संशय त्यांच्या लिहिण्यात जागोजाग आहे. ‘गुन्हेगार जाती’ या नावाचे वेगळे पुस्तकही त्यांनी लिहिले होते. तो काळच तसा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय सरकारने करून ठेवली होती आणि स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत ती चालू राहिली.

येथेच कादंबरीची गरज लागते. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांचे नाव निघाले की ‘कळ्यांचे निःश्वास’ या १९३३ च्या कथासंग्रहाची आणि त्यावर उठलेल्या वादळाची आठवण निघते. त्यांच्या ‘बळी’ या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची आठवण मात्र अभ्यासकांखेरीज फारसे कोणी काढत नाही. सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती, जिला सगळे ‘सेटलमेंट’ म्हणत. मालतीबाईंनी अशा वसाहतीच्या कारभारात काम केले होते आणि मांग-गारुडी समाजाचे तिथले जगणे त्यांनी जवळून पाहिले होते. आत्र्यांना चावडीवरून जे लोक दिसले, तेच या कादंबरीत कुंपणाच्या आतून दिसतात. सुधारणेच्या नावाखाली चालणारी कैद, तिच्यात वाढणारी मुले आणि बाहेरच्या जगाशी संबंध जोडू पाहणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी बसणारे तडाखे हे सारे तिच्यात आहे. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत रमलेल्या त्या काळच्या मराठी कादंबरीत हा विषय आणणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि तो एका बाईने आणावा, ही तर त्याहून नाही.

ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचणाऱ्या वाचकाला जे समजते, ते दोहोंपैकी एकाच पुस्तकातून समजणार नाही. विमुक्त, म्हणजे त्या कायद्याने एके काळी गुन्हेगार ठरवलेल्या, जमातींच्या प्रश्नावर आज लिहिणारा कोणीही पत्रकार किंवा विद्यार्थी या जोडीपासून सुरुवात करू शकतो, पण त्यासाठी दोन्ही पुस्तके त्याच्या गावात असली पाहिजेत.

‘आता सगळे मोबाइलवर मिळते’ हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे, म्हणून त्याचाही विचार करू. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. आत्रे १९३३ साली वारले; त्यांचे लेखन कोणालाही छापता येते, संगणकावर चढवता येते, आणि ‘गांव-गाडा’ अशा मार्गांनी वाचकांपर्यंत पोहोचलाही आहे. मालतीबाईंचे निधन २००१ साली झाले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत चालू राहील. तोवर नवी आवृत्ती निघायची तर हक्कदाराची संमती हवी आणि प्रकाशकाला विक्रीची खात्री हवी. ती न निघाल्यास वाचकासाठी उरते ती ग्रंथालयातली जुनी प्रत. फार जुनी पुस्तके हक्कमुक्त म्हणून तरली आणि अगदी नवी दुकानात आहेत. कायमची हातची जाण्याची भीती सर्वांत जास्त आहे ती साधारण १९४० ते १९९० या काळातल्या, दुसरी आवृत्ती न पाहिलेल्या कादंबऱ्यांना आणि मार्गदर्शक पुस्तकांना. निर्लेखनाच्या यादीत बहुसंख्येने असतात तीही हीच, कारण त्यांचा कागद पिवळा पडलेला असतो आणि बांधणी सुटलेली असते.

माहितगार ग्रंथकार आणि उपेक्षित कादंबरीकार एकाच माणसात पाहायचा असेल, तर श्रीधर व्यंकटेश केतकरांकडे वळावे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० ते १९२९ या काळात त्यांनी बाहेर काढले. त्यासाठी मर्यादित कंपनी स्थापून भांडवल उभे केले आणि गावोगाव वर्गणीदार मिळवले. ज्ञानकोशकार म्हणून त्यांचे नाव रस्त्यांना आणि सभागृहांना दिले गेले. परंतु त्याच केतकरांनी सात कादंबऱ्या लिहिल्या, हे सांगितले की चांगले वाचक असलेली मंडळीही चकित होतात. ‘ब्राह्मणकन्या’ ही १९३० ची कादंबरी तरी आपल्या कपाटात आहे का, पाहावे. तिची भाषा ओबडधोबड आहे, रचना ढिली आहे, पात्रे मध्येच थांबून समाजशास्त्रावर बोलू लागतात; ना. सी. फडके यांच्या नीटस कादंबरीच्या त्या जमान्यात तिला कलाहीन ठरवले गेले, त्यात आश्चर्य नाही. माझ्या मते हा दोष खराच आहे आणि तरीही पुस्तक वाचलेच पाहिजे. घराण्याच्या इतिहासामुळे जातीत जागा न उरलेली कालिंदी ही शिकलेली मुलगी आपले आयुष्य कोणत्या नियमांनी जगू पाहते, विवाहसंस्थेशी तिचा हिशेब कसा बसतो, हे प्रश्न केतकर ज्या थंड डोक्याने हाताळतात, तसे त्या काळचे गोड लिहिणारे लेखक हाताळू शकले नाहीत. कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर संशोधन केलेल्या माणसाने कादंबरी हे विचार तपासण्याचे साधन म्हणून वापरले आणि सुबक वाक्यांची पर्वा केली नाही. घडीव नसलेली कादंबरी वाचताना वाचकाला काम करावे लागते, आणि ते काम करायला तयार असलेले वाचक तालुक्याच्या गावातही असतात.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) समीक्षकांच्या यादीत कायम असते आणि वाचकांच्या हातात क्वचित दिसते. नवऱ्याच्या नाकर्तेपणामुळे संसाराचा सारा भार अंगावर घेणारी, शेतात मजुरी करून मुलांना वाढवणारी कौतिक ही मराठी कादंबरीतल्या मोठ्या स्त्रियांपैकी एक आहे. या कादंबरीत माणसे वऱ्हाडीत बोलतात, आणि कोकणातल्या किंवा देशावरच्या वाचकाला पहिली काही पाने अडायला होते. अशा वेळी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शेजारी असावा. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्या सात विभागांत शब्दापुढे कंसात ‘व.’, ‘ना.’, ‘खा.’, ‘गो.’, ‘कु.’ अशी बारीक अक्षरे छापलेली आढळतात. शब्द वऱ्हाडचा की नागपूरकडचा, खानदेशचा की गोव्याचा की कुडाळचा, हे त्या एका अक्षराने कळते. कोशाला ‘संदर्भ विभाग, बाहेर देण्यास मनाई’ असा शिक्का मारून कुलूपबंद ठेवण्यापेक्षा तो कादंबऱ्यांच्या कपाटाजवळ उघडा ठेवला, तर दोन्हींचा खप वाढेल.

मार्गदर्शक पुस्तकांना आपण कपाटात जी जागा देतो तिच्याबद्दलही बोलायला हवे. लहान ग्रंथालयांत कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, धार्मिक, बालवाङ्मय अशी खाती असतात आणि उरलेले सगळे ‘संकीर्ण’ या कपाटात जाते. एका ग्रंथालयात, ज्याचे नाव मी येथे घेत नाही, व्यायाम ज्ञानकोशाचे सुटे खंड ज्योतिषाच्या आणि घरगुती औषधांच्या पुस्तकांत खोचलेले मी पाहिले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत पुरा केलेला हा कोश कुस्ती, मल्लखांब आणि देशी व्यायामप्रकार यांची मराठीतील केवढी तरी मोठी ठेव आहे. त्याच गावात तालीम आहे, जत्रेला आखाडा भरतो, लाउडस्पीकरवर ढाक, कलाजंग, घिस्सा ही नावे दुमदुमतात; पण हा कोश आपल्या गावात आहे, हे तिथल्या वस्तादांना कोणी कळवले नव्हते. मागणी नव्हती, हे खरेच. ती येणार कशी होती?

पाकशास्त्राच्या पुस्तकांचेही असेच आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चे. आज त्यांतले वाचून कोणी स्वयंपाक करील अशी माझी अपेक्षा नाही. पण कोणत्या घरात काय शिजत होते, किती माणसांचा अंदाज धरून प्रमाण दिले जात होते, कोणता जिन्नस सहज मिळेल असे लेखकाने गृहीत धरले होते, हे त्या काळच्या कादंबऱ्या आपल्याला सांगत नाहीत. कारण कादंबरीतली माणसे जेवणाच्या पानावरून उठतात तेवढीच दिसतात. एकविषयी पुस्तकाला विषय संपला तरी दुसरे आयुष्य मिळते ते असे.

अर्थात प्रत्येक मार्गदर्शक पुस्तक जपण्याच्या लायकीचे नसते. जुन्या आयकर कायद्यावरचे विवेचन, रद्द झालेल्या अभ्यासक्रमाचे प्रश्नसंच, स्पर्धा परीक्षांची मागच्या दशकातली गाइडे, चार इतर पुस्तकांतून उतरवून काढलेली आरोग्याची पुस्तके ही खुशाल काढावीत. उलट कपाटे अडवून बसलेला खरा ऐवज तोच आहे, आणि ग्रंथसंख्या भरून काढण्यासाठी मोठ्या सवलतीत गठ्ठ्याने घेतलेला मालही पुष्कळदा त्यातलाच असतो. विसरलेल्या कादंबऱ्यांपैकीही कित्येक योग्य कारणानेच विसरल्या गेल्या आहेत. निवड करताना मी एवढेच पाहते की लेखकाने स्वतः पाहिलेली, केलेली किंवा भोगलेली अशी एखादी गोष्ट पुस्तकात आहे का, जी दुसऱ्या पुस्तकातून उचलता आली नसती. मामलेदाराचा खळ्यावरचा हिशेब, सेटलमेंटमधल्या अधिकारी बाईने पाहिलेले कुंपण, आणि वनखात्याच्या नोकरीत मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांकडून गोळा केलेली पक्ष्यांची नावे, जी पुढे त्यांच्या ‘पक्षिकोशा’त आली. असे काही सापडले, तर देवघेवीचा कागद कोरा असला तरी पुस्तक राहू द्यावे. दहा-पंधरा मिनिटे चाळल्यावर हे कळते. त्यासाठी समीक्षक असावे लागत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ चे पाच सिद्धांत आपल्यापैकी ज्यांनी ग्रंथालयशास्त्राचा वर्ग केला त्या सर्वांना पाठ असतील. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हा दुसरा सिद्धांत आपण मागणीच्या रूपाने पाळतो. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हा तिसरा. तो पाळण्याची जबाबदारी वाचकावर नसून ग्रंथालयावर येते, आणि परीक्षेत उत्तर लिहून झाल्यावर तो बहुधा वहीतच राहतो.

म्हणून काही विनंत्या. निर्लेखनाची यादी कार्यकारी मंडळाच्या सभेपुढे ठेवण्याआधी पंधरा दिवस सूचनाफलकावर लावावी आणि सभासदांच्या हरकती लेखी घ्याव्यात. ज्या मराठी पुस्तकाची दुसरी प्रत जिल्ह्यातल्या कोणत्याच मोठ्या ग्रंथालयात नाही, ते रद्दीत न घालता जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत ‘अ’ वर्गाच्या किंवा शासकीय जिल्हा ग्रंथालयाकडे पाठवता येईल का, हे पाहावे. रद्दीच्या भावात येणाऱ्या पैशांनी ग्रंथालयाचे वीजबिलही निघत नाही. ‘संकीर्ण’ कपाट एकदा रिकामे करून त्यातली पुस्तके विषयवार लावावीत आणि गावातल्या त्या त्या विषयाच्या माणसांना, म्हणजे वस्ताद, सुईणी, माळी, भजनी मंडळातले वादक यांना, निरोप धाडावा. ते सभासद नसले तरी धाडावा. जागेवर बसून वाचलेल्या पुस्तकांसाठी टेबलावर एक साधी वही ठेवावी, म्हणजे त्यांचे वाचनही मोजले जाईल. आणि ग्रंथखरेदीच्या वेळी, ठरावीक दहा-बारा लेखकांच्या नव्या आवृत्त्या घेऊन झाल्यावर जी रक्कम उरते, तिच्यातून दरवर्षी एखादी तरी अशी कादंबरी घ्यावी की जिचे नाव समितीतल्या एकाही सदस्याने ऐकलेले नाही, पण जिची पहिली वीस पाने एकाने वाचून बघितली आहेत.

माझ्या तालुक्याच्या ग्रंथालयातील यंदाची यादी अजून मंजूर व्हायची आहे. तीत ‘बळी’ची एक प्रत आहे, पुठ्ठा सुटलेला आहे, पाने सर्व आहेत. बांधणीचा खर्च मी देण्यास तयार आहे, तसे मंडळाला लेखी कळवले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे. अन्य गावांतील सभासदांनीही आपापल्या याद्या मागून घ्याव्यात. मला कोणी यादीची प्रत दाखवण्यास आजवर नकार दिलेला नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक आजीव सभासद